समुद्रातल्या माशाचा पहिला घास

येरमाळ्यात बसून समुद्रातल्या माशांवर लिहायचं म्हणजे जरा धाडसच. सरळ रेषेत मोजलं तरी समुद्र आपल्यापासून तीनशे किलोमीटर. आपल्याकडे पाण्याचा विषय निघतो तो टँकरचा, बोअरचा, नाहीतर मांजरा धरणात किती टक्के साठा उरला याचा. तरी गेले दोन महिने मी या खाऱ्या पाण्याच्या विषयात डोकं घालून बसलोय. कारण घरातच दोन प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न ऐरोलीच्या नातीचा. तिला वाढदिवसाला तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा 'निमो' मासा हवाय. मुलगा तयार आहे, पण आमच्या सौ.नी फोनवरच बजावलं, "समुद्रातला जीव उचलून काचेत कोंडायचा, हे पाप माझ्या घरी नको." (तिच्या गळ्यात माळ आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही.) दुसरा प्रश्न भाच्याच्या मुलाचा. त्याच्याकडे शेततळं आहे, दोन वर्षं सोयाबीननं हात दिलेला नाही, आणि मोबाइलवर कुणीतरी त्याला दाखवलं की हेच मासे पाळून लोक पैसे मिळवतात. "आजोबा, तुम्ही वाचता, तर जरा अभ्यास करून सांगा ना," म्हणाला. आता बी.ए. मराठी माध्यमातून केलेला निवृत्त मास्तर माशांचा काय अभ्यास करणार! पण इतिहास वाचता येतो. तो वाचला, आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडली असं मला वाटतं. म्हणून हा लेखनप्रपंच. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

सुरुवात करू दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडपासून. काचेच्या भांड्यात पाणी, वनस्पती आणि मासे एकत्र ठेवले तर वनस्पतीमुळे पाणी जिवंत राहतं, हे तिथं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० साली दाखवून दिलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घरोघरी पोचला. लंडनमध्ये समुद्राचं पाणी आणायचं म्हणजे खर्चाचं काम. म्हणून गॉसनं घरीच चार क्षार मिसळून खारं पाणी तयार केलं, आणि त्यात समुद्रातले जीव जगवून दाखवले. समुद्रापासून दूर राहणाऱ्याच्या घरात समुद्र आला तो असा.

पण या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडात वेड लागलं. माणसं बादल्या आणि जाळ्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडली. खडकांमधल्या डबक्यांतली समुद्रफुलं, खेकडे, शिंपले, जे दिसेल ते ओरबाडून नेलं. पुढे गॉसच्याच मुलानं, एडमंडनं, १९०७ साली 'फादर अँड सन' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं की आपल्या लहानपणी पाहिलेली ती सुंदर डबकी आता उजाड झाली आहेत, आणि वडिलांच्या पुस्तकांचाही त्याला हातभार लागला. ज्या माणसाचं समुद्रावर एवढं प्रेम, त्याच्याच पुस्तकामुळे किनारा ओस पडावा! समुद्री मासे पाळण्याचा छंद जन्मला तोच हा डाग घेऊन. पाळणं जमलं, पण पैदास जमली नाही. टाकीतला जीव मेला की पुन्हा समुद्राकडेच हात पसरायचा.

आपल्या मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आठवतं का? चर्नी रोडजवळ, मरीन ड्राइव्हवर. डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थांच्या देणगीतून उभं राहिलेलं. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुंबईला सहल नेलेल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही मास्तरला ते चुकलेलं नाही. राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला, हा आमचा ठरलेला क्रम. एकदा सातवीतल्या एका मुलानं काचेला नाक लावून मला विचारलं होतं, "गुर्जी, एवढे मासे हायेत, मग ह्यांची पिल्लं कुठंयत?"

त्या वेळी मी त्याला "ती मोठे मासे खाऊन टाकतात" असं सांगितलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. त्या काळात जगातल्या जवळजवळ सगळ्याच मत्स्यालयांत समुद्री माशांची पिल्लं दिसत नसत, आणि त्याचं खरं कारण भूक हे होतं. ते समजण्यासाठी आधी आपल्या ओळखीच्या माशांकडे जाऊ.

आपल्या धरणांत, तलावांत जे रोहू, कटला, मृगळ सोडतात, ते मूळ नदीचे मासे. पुराच्या पाण्यात अंडी घालणारे. तळ्यात कितीही पोसा, तिथं ते अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी पावसाळ्यात बंगाल-बिहारकडच्या नद्यांत जाळी लावून त्यांचं बीज गोळा करायचे आणि मग दूरदूर पाठवायचे. त्यात नको त्या माशांचं बीजही येई, वाटेत बरंच मरूनही जाई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशांना टोचला, आणि बंदिस्त पाण्यात त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. आज आपल्याकडचा शेतकरी शेततळ्यात बोटुकली आणून सोडतो, ती हॅचरीतली असते. नदीवरचं ओझं त्या एका सुईनं केवढं हलकं केलं!

आता समुद्रातल्या निमोची, म्हणजे क्लाऊनफिशची, गंमत बघा. त्याची अडचण बरोबर उलटी. त्याला सुईबिई काही लागत नाही. जोडी जमली, पाणी स्वच्छ आणि कोमट राहिलं, की तो टाकीतसुद्धा अंडी घालतो.

त्याचं कुटुंबही मोठं मजेशीर. एका समुद्रफुलाच्या आसऱ्याला चार-पाच मासे राहतात. त्यातली सर्वांत मोठी ती मादी, घरची कारभारीण. दुसऱ्या क्रमांकाचा तो नर. बाकीचे नुसते उमेदवार, वाढ रोखून गप्प बसलेले. मादी मेली तर काय होतं? नर स्वतःच मादी बनतो, आणि उमेदवारांतला थोरला नर होतो. ही सिनेमात दाखवलेली गोष्ट नव्हे. १९७७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी समुद्रातच निरीक्षण करून हे सिद्ध केलं. पाळणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय. दोन लहान पिल्लं एकत्र वाढवली की दांडगं असेल ते मादी होतं, दुसरं नर. जोडी आपोआप.

मादी दगडावर, फरशीच्या तुकड्यावर किंवा मातीच्या कुंडीवर काही शे अंडी चिकटवते. सांभाळायचं काम नराचं. तो परांनी वारा घालतो (म्हणजे पाणी घालतो!), खराब झालेली अंडी काढून टाकतो. सहा-आठ दिवसांनी, सूर्य मावळून अंधार पडल्यावर, पिल्लं बाहेर येतात. तीन-चार मिलिमीटरची, काचेसारखी पारदर्शक.

आणि इथंच सगळं अडायचं. दोन-तीन दिवसांत पिल्लं मरून जायची. त्यांचं तोंड एवढं बारीक की माणसानं तयार केलेलं कुठलंही खाद्य त्यात जात नसे. शिवाय त्यांना समोर हलणारा, जिवंत घास हवा. समुद्रात तो कोट्यवधींनी तरंगत असतो. टाकीच्या स्वच्छ पाण्यात कुठून येणार? आईबाप खातात हे एक कारण होतंच, पण पिल्लं वेगळी काढली तरी उपाशी मरत. त्या मुलाच्या प्रश्नाचं पुरं उत्तर हे आहे.

हा पहिला घास सापडला तो जपानमध्ये, आणि तोही एका उपद्रवातून. तिथं वाम माशांची तळी असत. अधूनमधून तळ्याचं हिरवं पाणी एकदम बदलायचं, मासे गुदमरायचे, शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं. कारण होतं रोटिफर नावाचा, डोळ्यांना जेमतेम टिपका दिसेल न दिसेल एवढा जीव. तो पाण्यातलं हिरवं शेवाळ फस्त करी. ताकाशी इतो हे शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करत होते. १९६० साली त्यांनी मांडलं की हा जीव समुद्री माशांच्या पिल्लांना खायला घालता येईल. शत्रू म्हणून ज्याच्यामागे लागले होते, तोच अन्नदाता निघाला! आज जगभरातल्या समुद्री हॅचरींत पिल्लांची पहिली पंगत रोटिफरवर उठते.

दुसरी पंगत आर्टेमियाची. हा मिठागरांत राहणारा झिंग्याचा दूरचा भाऊ. त्याची अंडी वाळवून डब्यात ठेवता येतात. हवी तेव्हा खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसाभरात जिवंत पिल्लं तयार. माशांच्या पिल्लांना ती चालतात हे १९३० च्या दशकातच कळलं होतं. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही हा जीव आढळल्याची नोंद १९५३ ची आहे. पण क्लाऊनफिशच्या नवजात पिल्लाला आर्टेमियासुद्धा मोठा पडतो. आधी रोटिफर, आठवडाभरानं आर्टेमिया. पहिलीचं पुस्तक झाल्यावर दुसरीचं, तसं.

दोन्ही पंगती मिळाल्यावर वाट मोकळी झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या गॅरेजमध्ये क्लाऊनफिशची पिल्लं वाढवली आणि विक्रीला काढली. समुद्री शोभिवंत माशांच्या व्यापारी पैदाशीची सुरुवात साधारण तिथून धरतात. प्रयोगशाळा मोठी नव्हती, पण रोज शेवाळ वाढवायचं, त्यावर रोटिफर वाढवायचे, त्यावर पिल्लं वाढवायची, हा तिहेरी संसार खंड न पडता चालवण्याची चिकाटी होती. एक दिवस शेवाळ बिघडलं की तिन्ही मजले कोसळले.

भारतात हे काम झालं ते मुख्यतः सरकारी संस्थांतून. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ही १९४७ ची, मुख्यालय कोचीला. तिच्या तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम केंद्रात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्लाऊनफिशची पैदास झाली. पुढे तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रासह या संस्थेनं क्लाऊनफिश आणि त्याच्या भाईबंदांच्या डझनभराहून अधिक जाती वाढवून दाखवल्या. तमिळनाडूतच परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे, तिथंही हे काम झालं.

आणि मग आपला महाराष्ट्र. ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. (रोहित पक्षी बघायला आपण गेलो होतो, तेच.) तिथं २०१९ च्या सुमारास कांदळवन प्रतिष्ठाननं समुद्री शोभिवंत माशांची प्रात्यक्षिक हॅचरी उभी केली. तांत्रिक मदत राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोची. या ब्युरोचं मुख्यालय कुठं असावं? लखनौला! म्हणजे समुद्रापासून येरमाळ्याहूनही कितीतरी लांब. मला हे वाचून फार बरं वाटलं.

वनविभागाला मासे कशाला, असं मलाही वाटलं. त्याचं उत्तर कांदळवनात आहे. खाडीकाठची ही झाडं तोडून कुणी जळण करतं, कुणी भराव घालून प्लॉट पाडतं. काठच्या माणसाला झाडाच्या सावलीतून उत्पन्न मिळालं तर तोच झाडाचा राखणदार होईल, हा विचार. म्हणून राज्य सरकारनं २०१७ साली कांदळवन संवर्धनाला उपजीविकेची जोड देणारी योजना आणली. त्यात खेकडेपालन, कालवं, पर्यटन आणि शोभिवंत मासे. त्याच ब्युरोनं लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तिथल्या बायकांना शोभिवंत कोळंबी वाढवायला शिकवलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण पैदास फक्त शहरातल्या टाक्यांत झाली, तर प्रवाळाजवळ राहणाऱ्या गरीब माणसाचं पोट कशावर चालायचं? त्याच्याही हातात ही विद्या पोचली तरच न्याय झाला.

विद्येला अजून मर्यादाही आहेत. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा या व्यापारावर अहवाल आला. जगात वर्षाला दोन ते अडीच कोटी समुद्री मासे शोभेसाठी विकले जात होते, १४७१ जातींचे, आणि त्यांतले बहुतेक सगळे समुद्रातून पकडलेले. गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं बरोबर उलटं, ते बहुतेक सगळे पैदास केलेले. फिलिपाइन्समध्ये तर १९६० च्या दशकापासून प्रवाळाच्या फटींत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडत. गुंगलेला मासा विकला जाई, आणि मागे प्रवाळ मरे. नातीचा 'फाइंडिंग निमो' सिनेमाही २००३ चाच. माशाला समुद्रातून पकडून नेल्याची गोष्ट बघून मुलांनी तोच मासा मागावा, ही माणसाची तऱ्हाच म्हणायची.

त्या अहवालात विकल्या जाणाऱ्या माशांपैकी जवळपास निम्मे क्लाऊनफिशच्या कुळातलेच होते. दगडाला अंडी चिकटवणारे, त्यामुळे पिल्लं त्यातल्या त्यात मोठी. पण ज्यांची अंडी पाण्यात तरंगतात, त्यांची पिल्लं इतकी बारीक की रोटिफरही त्यांना लाडवासारखा! 'डोरी' म्हणून मुलांना माहीत असलेला निळा मासा टाकीत अंड्यापासून वाढवणं फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला जमलं ते थेट २०१६ साली. आजही बऱ्याच जाती समुद्रातूनच येतात.

आता माझे दोन निकाल.

नातीला: बाळ, मासा घे, पण दुकानदाराला आधी एकच प्रश्न विचार. हा समुद्रातला की हॅचरीतला? हॅचरीतला असेल आणि बाबा रोज पाण्याकडे बघणार असतील, तरच. आणि डोरी मागू नकोस. तुझ्या आजीलाही मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाकीत जन्मला तर त्याला टाकीच घर, ते मला पटतं. पण उपाशी ठेवलात तर पाप तुमच्या माथी." यावर मला काही सुचलं नाही.

भाच्याच्या मुलाला: बाळा, समुद्री मासे तू करू नकोस. राग मानू नकोस, हिशेब बघ. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. हजार लिटरच्या एका टाकीला ३५ किलो. आणि ते घरचं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम सगळं प्रमाणात लागतं. (येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आपण जी चुनखडी वेचतो, तिच्यातलंच कॅल्शियम. प्रवाळ त्याचीच घरं बांधतात.) असं मिश्रण विकत मिळतं, पण दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं. मग ते काढलेलं खारं पाणी तू टाकणार कुठं? आपल्या काळ्या रानात? एकदा ती माती खारवली की सोयाबीनसुद्धा उगवायचं नाही. ऐरोलीला मागे खाडी आहे, तुझ्यामागे नाला आहे, आणि त्याच्या खाली लोकांच्या विहिरी आहेत. शिवाय रात्री लाईट गेली आणि हवेचा पंप दोन-चार तास बंद पडला, की सकाळी टाकीत काय दिसेल ते सांगायला नको. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं गोडं पाणी मुद्दाम खारं करण्याआधी दहादा विचार करावा.

तुझी हौस खरी असेल तर गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आहेत. गप्पी, मॉली पिल्लंच देतात, पहिल्या घासाची अडचण फार कमी. बदललेलं पाणी झाडांना घालता येतं, उलट खतच. चार टाक्यांनी सुरुवात कर, गिऱ्हाईक आधी बार्शी-लातूरला शोध, मासे नंतर आण. आणि कर्ज काढू नकोस. पुढच्या रविवारी ये, टाक्यांचं माप आणि खर्च कागदावर मांडू. वही तुझी तूच आण.

बाकी मंडळींनो, यातलं कुणाला अधिक ठाऊक असेल, विशेषतः आपल्या कोकणातल्या व्याही मंडळींना, तर जरूर कळवा. चू. भू. दे. घे.